वाचकांचे प्रश्न : हिरड्यांचे जिवाणू, पॉकेट आणि पी-व्हॅल्यू

या वेळची पत्रे पेरिओडोंटायटिसशी, म्हणजे घरोघरी ज्याला पायोरिया म्हणतात त्या आजाराशी, संबंधित जिवाणूंच्या मोजणीबद्दल आहेत. पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली फट, आजारात ती खोल होते. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता. बहुतेक पत्रे प्रबंध लिहिणाऱ्यांची, एक रुग्णाचे. प्रश्न लांबलचक होते, ते छाटून देत आहोत.

प्रश्न : एमडीएसच्या प्रबंधासाठी पेरिओडोंटायटिसचे २० रुग्ण आणि २० निरोगी व्यक्ती घेतल्या. प्रत्येकाच्या चार ठिकाणांहून पेपर पॉइंटने (शोषक कागदाच्या टोकदार काडीने) नमुने घेतले आणि क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने) पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू मोजला. एक्सेलमध्ये १६० ओळी आहेत. टी-टेस्टला पी ०.००१ पेक्षा कमी आला. पण कॉलेजच्या संख्याशास्त्रज्ञांनी ‘तुमचा एन १६० नाही’ असा शेरा मारून मसुदा परत पाठवला. मग एन किती? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ४०. शेरा बरोबर आहे. आजार माणसाला आहे, गट माणसांचे पाडले आहेत, तंबाखू आणि मधुमेह माणसाला आहे. चार पॉकेट ही त्याच तोंडातली चार ठिकाणे. लाळ तीच, प्रतिकारशक्ती तीच, ब्रश करण्याची सवयही तीच. एकाच घरातल्या चौघांना आडनाव विचारायचे आणि चार स्वतंत्र उत्तरे मिळाली म्हणायचे, असा हा प्रकार होतो. टी-टेस्ट प्रत्येक ओळ दुसरीपासून स्वतंत्र आहे असे धरून चालते. तसे नसले की स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, खोटीच लहान निघते आणि पी-व्हॅल्यू वाजवीपेक्षा जास्त देखणी दिसते.

हा फुगवटा किती आहे ते मोजता येते. एका माणसामागचे नमुने वजा १, गुणिले इंट्राक्लास कोरिलेशन (आयसीसी, म्हणजे एकाच माणसाचे नमुने एकमेकांशी किती जुळतात त्याचे माप), अधिक १ : हा झाला डिझाइन इफेक्ट. आयसीसी ०.५ आला, तर १ + ३ × ०.५ = २.५. तुमच्या १६० नमुन्यांचे खरे वजन १६० ÷ २.५ म्हणजे ६४ नमुन्यांएवढे. आयसीसी ०.८ असेल तर डिझाइन इफेक्ट ३.४ होतो आणि १६० चे ४७ उरतात. अक्कलदाढा सोडून २८ दात, प्रत्येक दाताची सहा ठिकाणे, असे १६८ नमुने एका माणसाकडून घेतले तरी माणूस एकच. अजून आखणी चालू असलेल्या वाचकांनी इतके लक्षात ठेवावे : बजेट ठरलेले असेल तर माणसामागे दोन नमुने घ्या आणि माणसे वाढवा.

आता हाती असलेल्या माहितीचे काय करायचे? सोपा मार्ग असा : प्रत्येक नमुन्याच्या आकड्याचा लॉग-१० घ्या, माणसाच्या चार लॉगची सरासरी काढा, म्हणजे ४० आकडे उरतील. त्यावर २० विरुद्ध २० अशी टी-टेस्ट करा. डिग्रीज ऑफ फ्रीडम १५८ नव्हे, ३८. परीक्षकांना समजावून सांगायला ही पद्धत सर्वांत सोपी आणि निव्वळ दोन गटांची तुलना असेल तर पुरेशीही. आधी सरासरी आणि मग लॉग असा उलटा क्रम लावू नका. त्यात एका पॉकेटमधला भलामोठा आकडा बाकीच्या तिघांना गिळून टाकतो.

दुसरा मार्ग मिक्स्ड मॉडेलचा. प्रत्येक रुग्णाला त्याची स्वतःची मूळ पातळी द्यायची, म्हणजे रँडम इंटरसेप्ट. गट, पॉकेटची खोली, रक्तस्राव हे फिक्स्ड. काही रुग्णांचे चार आणि काहींचे तीनच नमुने चालले असतील, किंवा खोलीचा परिणाम पाहायचा असेल, तर हाच मार्ग घ्या. आर या मोफत प्रणालीत एलएमई-फोर या पॅकेजने हे एका ओळीत होते. जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स, एकमेकांशी जोडलेल्या नमुन्यांसाठीची पद्धत) हा तिसरा पर्याय आहे, पण ४० माणसांत त्याची नेहमीची रोबस्ट स्टँडर्ड एरर लहान निघते. त्यासाठी मँक्ल आणि डीरूएन यांची २००१ मधली लहान नमुन्यांसाठीची दुरुस्ती वापरा. ती दुरुस्ती दंतविज्ञानात काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांनीच दिली. मोजक्या रुग्णांची अनेक ठिकाणे मोजण्याची खोड या शाखेला पूर्वीपासून आहे.

तुमच्या तक्त्यात आणखी एक अडचण आहे, ती शेऱ्यात नव्हती. निरोगी गटात ३ मिलिमीटरपेक्षा खोल पॉकेट नाही, रुग्णगटातले सगळे नमुने ५ च्या वरचे. मग ‘खोली ॲडजस्ट करून गटांतला फरक’ हे वाक्य लिहिताच येत नाही, कारण एकाच खोलीची दोन्ही गटांतली ठिकाणे तुमच्याकडे नाहीत. मॉडेल आकडा देईल, पण तो आकडा रेषा पुढे ओढून काढलेला असेल. रुग्णांच्याच तोंडातली २-३ मिलिमीटरची निरोगी ठिकाणे घेतली असती तर दोन वेगळे प्रश्न विचारता आले असते : त्याच माणसाच्या निरोगी आणि आजारी ठिकाणांत फरक आहे का, आणि रुग्णाचे निरोगी ठिकाण निरोगी माणसाच्या ठिकाणासारखे आहे का? पहिल्या प्रश्नात माणूस स्वतःशीच ताडला जातो, त्यामुळे मघाशी नडणारा सहसंबंध इथे फायद्याचा ठरतो. एथिक्स कमिटीची परवानगी अजून चालू असेल तर हे नमुने अवश्य घ्या.

प्रश्न : रुग्णगटाची सरासरी ४.२ लाख, प्रमाण विचलन ११.६ लाख. निरोगी गटात २० पैकी १३ जणांचे आकडे शून्य. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून सगळीकडे १ मिळवला. चालेल? (दंतवैद्यक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा करून पाहा : उणे ७.४ लाख जिवाणू. असा तक्ता छापणे म्हणजे वाचणाऱ्याला काहीच न सांगणे. जिवाणूंची संख्या पटीत वाढते, म्हणून ती लॉगमध्ये मोजायची आणि जॉमेट्रिक मीन किंवा मध्यक द्यायचा. लॉग-१० मध्ये १ चा फरक म्हणजे दहापट. ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट, क्यूपीसीआरच्या भाषेत जेमतेम एक सायकल. तेवढ्यावर निष्कर्षाचा इमला चढवू नये.

शून्याचे प्रकरण वेगळे. क्यूपीसीआरचे शून्य म्हणजे ‘जिवाणू नाही’ असे नव्हे, ‘आमच्या मर्यादेच्या खाली’ असे. ही मर्यादा नमुन्याच्या भाषेत काढा. समजा डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये काढला, त्यातले ५ मायक्रोलिटर रिॲक्शनला घातले आणि रिॲक्शनमध्ये १० प्रती खात्रीने दिसतात. म्हणजे नमुन्याचा विसावा भाग तपासला, आणि मर्यादा १० × २० = २०० प्रती. २०० चा लॉग-१० येतो २.३. तुम्ही १ मिळवून शून्याचा लॉग ० केलात. त्यामुळे ‘दिसला नाही’ आणि ‘जेमतेम दिसला’ यांच्यात २.३ लॉगची, म्हणजे दोनशेपटीची दरी उभी राहिली. ती दरी जिवाणूंनी पाडलेली नाही. १ ऐवजी १० मिळवले असते तर पी-व्हॅल्यू बदलली असती, यावरूनच काय ते समजावे.

शून्ये तुरळक असतील, दहातले एखादे, तर मर्यादेच्या निम्मा आकडा घालून पुढे गेले तरी बिघडत नाही. इथे २० पैकी १३ आहेत. निरोगी गटाचा मध्यकच मर्यादेखाली आहे. तेव्हा प्रश्न दोन भागांत तोडा. आधी ‘सापडला किंवा नाही’ असा दोन बाय दोन तक्ता करून फिशर एक्झॅक्ट. मग ज्यांच्यात सापडला त्यांच्यातच लॉग-१० ची तुलना. निरोगी गटात असे सातच जण असल्यामुळे या दुसऱ्या भागावर फार भार टाकू नका. एकच चाचणी हवी असेल तर मान-व्हिटनी वापरा, मात्र मर्यादेखालच्या सगळ्यांना एकच, सर्वांत खालचा क्रमांक द्या. मशीनने कुणाचा आकडा ६० आणि कुणाचा १२० छापला असेल, तरी २०० च्या खाली ते दोन्ही सारखेच. टोबिट मॉडेल याच कामासाठी आहे, पण मार्गदर्शकांना ते ठाऊक नसेल तर तोंडी परीक्षेला तुम्हालाच ते पटवावे लागेल.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. स्टँडर्ड कर्व्हचा उतार लिहा : उणे ३.३२ म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता, उणे ३.१ ते उणे ३.६ चालतो, त्याबाहेर गेलात तर पुन्हा प्लेट लावा. आणि प्रायमर (कोणता तुकडा मोजायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १६-एस या सर्व जिवाणूंत असणाऱ्या जीनवर बेतलेले असतील तर मोजलेल्या प्रतींना पेशी म्हणू नका. पी. जिंजिव्हॅलिसच्या एका पेशीत त्या जीनच्या ४ प्रती असतात, ट्रेपोनेमा डेंटिकोलाच्या पेशीत २. न भागता दोघांची तुलना केली तर पहिला फुकटचा दुप्पट दिसतो.

प्रश्न : सीक्वेन्सिंगच्या (नमुन्यातला डीएनए वाचून जिवाणू ओळखण्याच्या) अहवालात रुग्णांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस ६० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला आहे. ‘चांगले जिवाणू कमी होतात’ असे लिहावे का? (सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : लिहू नये, अजून तरी. सीक्वेन्सिंग वाटा सांगते, संख्या नाही. निरोगी ठिकाणी एकूण १० लाख जिवाणू असतील तर ६० टक्के म्हणजे ६ लाख. खोल पॉकेटमध्ये एकूण १ कोटी असतील तर १२ टक्के म्हणजे १२ लाख. वाटा पाचपट घटला आणि स्ट्रेप्टोकॉकस प्रत्यक्षात दुप्पट झाला! खोल पॉकेटमध्ये एकूण भार खूपच जास्त असतो, त्यामुळे हिरड्यांच्या अभ्यासात ही शक्यता पुस्तकी नाही, रोजची आहे.

टक्केवारीची बेरीज शंभरला बांधलेली असते. एक वाढला की दुसऱ्यांना घटावेच लागते. मग जिवाणूंमध्ये दिसणारे उणे सहसंबंधही या बांधणीतून येतात, त्यांना ‘शत्रुत्व’ म्हणणे घाईचे. जॉन एचिसन यांनी १९८२ साली अशा माहितीसाठी गुणोत्तरांचे लॉग घेण्याची रीत मांडली, तीच आज वापरतात. हाताने करून पाहा : तीन जिवाणू ६०, ३० आणि १०. तिन्हींचा गुणाकार १८,०००, त्याचे घनमूळ २६.२. प्रत्येकाला २६.२ ने भागून नैसर्गिक लॉग घ्या : ०.८३, ०.१४, उणे ०.९६. बेरीज शून्य (दशांशांच्या फरकाने). हे झाले सेंटर्ड लॉग-रेशो. आता प्रत्येक आकडा ‘या नमुन्यातल्या सरासरी जिवाणूच्या तुलनेत किती’ हे सांगतो.

कामाचा क्रम असा ठेवा. दहा टक्क्यांपेक्षा कमी नमुन्यांत दिसणारे जिवाणू आधी गाळा, गट न बघता. उरलेल्या शून्यांना ०.५ द्या किंवा एल्डेक्स-२ हे आर पॅकेज वापरा. ते शून्यांच्या जागी एकच आकडा न घालता संभाव्य आकडे पुन्हा पुन्हा काढून पाहते. त्याच माहितीवर अँकॉम-बीसी ही दुसरी पद्धतही चालवा. दोन्ही पद्धतींत जे जिवाणू टिकतील त्यांच्याबद्दल ठासून लिहा, एकाच पद्धतीत आलेल्यांबद्दल हात राखून. आणि शक्य असेल तर त्याच डीएनएवर एकूण जिवाणूंचा क्यूपीसीआर करा. वाटा गुणिले एकूण, की स्ट्रेप्टोकॉकस खरोखर घटला का याचे उत्तर मिळते. खर्च सीक्वेन्सिंगच्या मानाने किरकोळ असतो, तरी बहुतेक प्रबंधांत हा स्तंभच नसतो.

पर्मानोव्हाची (जिवाणूंची एकूण रचना गटांत वेगळी आहे का ते पाहणाऱ्या चाचणीची) पी-व्हॅल्यू तुम्ही पत्रासोबत पाठवली आहे. तिच्यावर विसंबण्यापूर्वी गटांचा विखुरलेपणा तपासा. निरोगी नमुने एकमेकांसारखे आणि आजारी नमुने दहा दिशांना पांगलेले असले तरीही पर्मानोव्हा ‘फरक आहे’ म्हणते. एका माणसाचे अनेक नमुने असतील तर आजारी-निरोगी ठिकाणांची तुलना करताना चाचणीतली गटांच्या लेबलांची अदलाबदल त्या माणसाच्या आतच व्हायला हवी, हे सॉफ्टवेअरला मुद्दाम सांगावे लागते.

आणखी एक : १६-एस जीनच्या व्ही-३–व्ही-४ या भागाच्या सीक्वेन्सिंगवरून स्ट्रेप्टोकॉकस मायटिस आणि ओरॅलिस वेगळे ओळखल्याचा दावा करू नका. ते इतके जवळचे आहेत की त्या तुकड्यावर फरक उरत नाही. संदर्भासाठी सर्वसाधारण डेटाबेसऐवजी ह्यूमन ओरल मायक्रोबायोम डेटाबेस घ्या.

प्रश्न : ४० जिवाणू तपासले, त्यांतल्या ५ जिवाणूंचा पी ०.०५ च्या खाली आला. पाचही ‘सिग्निफिकंट’ म्हणायचे ना? (संशोधन सहायक, पुणे)

उत्तर : काहीच फरक नसता तरी ४० पैकी २ नुसत्या योगायोगाने खाली आले असते. निदान एक तरी येण्याची शक्यता, चाचण्या स्वतंत्र धरल्या तर, १ वजा ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे ८७ टक्के.

बॉनफेरोनीची रेषा ०.०५ ÷ ४० = ०.००१२५. जुन्या पेरिओडोंटल निबंधांत तुम्हाला ०.००१२८ असा विचित्र आकडा दिसेल. तोही याच कामाचा, १ − (१ − के)^४० = ०.०५ हे समीकरण सोडवून आलेला. दोन्ही कडक आहेत. शोध घेण्याच्या टप्प्यावर बेंजामिनी-हॉखबर्ग (१९९५) बरे. तुमचे पाच आकडे चढत्या क्रमाने : ०.०००४, ०.००२१, ०.००३५, ०.०१८, ०.०४१. त्यांच्यासमोर क्रमांक ÷ ४० × ०.०५ लिहा : ०.००१२५, ०.००२५, ०.००३७५, ०.००५, ०.००६२५. आपल्या रेषेखाली असलेला शेवटचा आकडा तिसरा. म्हणून पहिले तीन घ्या, उरलेले दोन सोडा. बॉनफेरोनीने एकच राहिला असता.

भागायचे ते ४० ने. ३५ जिवाणूंत ‘काही आले नाही’ म्हणून ते प्रबंधातून वगळायचे आणि मग ५ ने भागायचे, ही सरळ लबाडी आहे. ती मार्गदर्शकांच्या सल्ल्याने केली तरी लबाडीच.

प्रश्न : रेड कॉम्प्लेक्स हा शब्द सगळे वापरतात. तो सांख्यिकीतून कसा आला? (बीडीएस अंतिम वर्ष, पणजी)

उत्तर : बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेतील सिगमंड सोक्रान्स्की, ॲन हफाजी आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या निबंधातून. १८५ माणसे (१६० पेरिओडोंटायटिसची, २५ निरोगी), १३,२६१ नमुने, प्रत्येकात ४० ठरावीक जिवाणूंचा डीएनए प्रोबने शोध. त्यासाठीचे चेकरबोर्ड तंत्र सुमारे दहा हजार पेशींच्या खाली पाहू शकत नाही. कोण कोणासोबत सापडतो याचे क्लस्टर ॲनालिसिस आणि ऑर्डिनेशन (सारख्यांना नकाशावर जवळ मांडण्याची पद्धत) केले. पद्धत कोणतीही घेतली तरी तेच गट पुन्हा पुन्हा निघाले आणि त्यांना रंग दिले. लाल गटात तिघे : पी. जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया (तेव्हाचे नाव बॅक्टेरॉइड्स फॉर्सिथस) आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. पॉकेट जितके खोल आणि रक्तस्राव जितका सहज, तितके हे तिघे जास्त. फ्युझोबॅक्टेरियम, प्रिव्होटेला वगैरेंच्या नारिंगी गटाशिवाय लाल क्वचितच सापडतो.

हे गट मजबूत आहेत, पण त्यांच्याकडून काय मागायचे याला मर्यादा आहे. यादी आधी ठरलेली होती. जो जिवाणू यादीत नाही त्याला कोणताच रंग मिळू शकत नव्हता. फिलिफॅक्टर ॲलोसिसचे महत्त्व त्यामुळेच पुढे सीक्वेन्सिंग आल्यावर पुढे आले. शिवाय १३,२६१ ला १८५ ने भागा : माणशी सरासरी ७२ नमुने, म्हणजे इथेही स्वतंत्र माणसे १८५च. आणि दोन जिवाणू एकत्र सापडतात, कारण दोघांनाही खोल, ऑक्सिजन नसलेली जागा आवडते. एवढ्यावरून ते एकमेकांना मदत करतात असे सिद्ध होत नाही. ती मदत प्रयोगशाळेत वेगळी दाखवावी लागते.

प्रश्न : खाजगी लॅबच्या अहवालात ‘पी. जिंजिव्हॅलिस पॉझिटिव्ह’ आले. इंटरनेटवर वाचले की त्यामुळे धोका ११ पट होतो. प्रतिजैविक घ्यावे का? हिरड्यांतून रक्त येत नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : ११ हा आकडा बहुधा अमेरिकेतील १९९८ च्या एका अभ्यासातला आहे. त्यात १३० रुग्णांपैकी १०३ जणांत (७९ टक्के) आणि १८१ निरोगी व्यक्तींपैकी ४६ जणांत (२५ टक्के) हा जिवाणू सापडला. १०३ ÷ २७ ला ४६ ÷ १३५ ने भागले की ऑड्स रेशो ११.२ येतो, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६.५ ते १९.२. हे ‘ऑड्स’चे (सापडलेले भागिले न सापडलेले) गुणोत्तर आहे, तुमच्या धोक्याचे नव्हे. त्याच तक्त्यात हेही आहे की हिरड्या ठणठणीत असलेल्या चौघांतल्या एकाच्या तोंडात हा पाहुणा होताच.

तुमच्यासारख्या, काहीच तक्रार नसलेल्या १००० लोकांचा विचार करा आणि त्यांतल्या १०० जणांना आजार आहे असे धरा. त्या १०० पैकी ७९ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी २२९ पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ३०८, त्यांतले खरे आजारी ७९, म्हणजे २६ टक्के. हीच चाचणी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे आलेल्या, दहातले सात आजारी असलेल्या गटात केली तर पॉझिटिव्हपैकी ८८ टक्के आजारी निघतील. पण तिथे प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून पॉकेट मोजले की आजार दिसतोच, मग चाचणी हवी कशाला? आणि त्या गटात निगेटिव्ह आलेल्यांपैकीही जवळपास ४० टक्के आजारी असतात.

म्हणून अहवाल बाजूला ठेवा आणि दंतवैद्याकडून प्रत्येक दाताच्या सहा ठिकाणी पॉकेट मोजून घ्या. तंबाखू, सिगारेट किंवा मिश्री असेल तर रक्त येत नाही यावर विसंबू नका. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असतानाही रक्त कमी येते. आजार निघाला तर आधी स्केलिंग आणि मुळांची सफाई. प्रतिजैविक सरसकट देऊ नये असे युरोपीय पेरिओडोंटॉलॉजी महासंघाचे २०२० चे मार्गदर्शक तत्त्वही सांगते. तरुण वयात तोंडभर पसरलेला गंभीर आजार अशा निवडक रुग्णांपुरताच त्याचा विचार, तोही सफाईच्या जोडीने. दातावरचा चिकट थर तसाच ठेवून नुसत्या गोळ्या खाल्ल्या तर औषध त्या थराच्या आत पुरेसे पोचत नाही.

प्रश्न : जिवाणूंमुळे पॉकेट होते की पॉकेटमुळे ते जिवाणू? (विज्ञान शिक्षक, अकोला)

उत्तर : एकदाच नमुना घेतलेल्या अभ्यासातून हे कळत नाही, आकडेमोड कितीही भारी असो. सुजलेले, रक्त झिरपणारे पॉकेट पी. जिंजिव्हॅलिसला लोह आणि प्रथिने आयती पुरवते. त्यामुळे आजाराने जिवाणू वाढणे हेही तितकेच खरे. आधी काय झाले हे कळण्यासाठी निरोगी माणसे घेऊन पुढे पाहत जावे लागते.

दोन उदाहरणे ठोस आहेत. डेन्मार्कमध्ये आर्हुस येथे १९६५ च्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणे सुरू करताच पूर्ववत झाल्या. थर आधी, सूज नंतर, हा क्रम तिथे स्पष्ट झाला. मात्र तो जिंजिव्हायटिसपुरता, म्हणजे हिरड्यांच्या सुजेपुरता, हाड झिजण्याबद्दल तो काही सांगत नाही. दुसरे मोरोक्कोतले, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले : ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटमकॉमिटन्सचा जेपी-२ हा वाण. ल्यूकोटॉक्सिन जीनच्या आधीचा ५३० अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे तो विष जास्त बनवतो. निरोगी ६८२ किशोरवयीन मुले, दोन वर्षांनी ४२८ परत तपासली. फक्त जेपी-२ वाण असलेल्यांचा सापेक्ष धोका १८, इंटरव्हल ७.८ ते ४१.२. इंटरव्हल रुंद आहे, कारण हा वाण बाळगणारी मुले थोडी होती. एक तृतीयांशाहून जास्त मुले परत आली नाहीत, हेही वाचताना ध्यानात ठेवावे. तरी खालची हद्दच ७.८ असताना हा निष्कर्ष सहज ढळणारा नाही.

प्रश्न : मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या स्त्रियांच्या जिवाणूंची तुलना करायची आहे. कोणत्या गोष्टी ॲडजस्ट कराव्यात? आणि नमुने लॅबला कसे पाठवावेत? (ग्रामीण भागातील दंतवैद्य, सातारा जिल्हा)

उत्तर : वय, मधुमेह (एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर, मोजून, नुसते विचारून नव्हे), दात घासण्याची पद्धत, शिक्षण किंवा उत्पन्न. गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविक किंवा सहा महिन्यांत स्केलिंग झालेल्यांना वगळा. मिश्री ‘हो-नाही’ अशी नोंदवू नका. दिवसातून किती वेळा, किती मिनिटे तोंडात आणि किती वर्षे, हे तिन्ही लिहा. पॉकेटची खोली मात्र मुख्य मॉडेलमध्ये घालू नका. मिश्रीने पॉकेट होत असेल आणि पॉकेटमुळे जिवाणू बदलत असतील, तर खोली ॲडजस्ट करून तुम्ही शोधायला निघालेला परिणामच पुसून टाकाल. खोलीसह केलेले मॉडेल वेगळे द्या आणि ते वेगळे का ते लिहा.

नमुन्याआधी कापसाने ठिकाण कोरडे करा, हिरडीच्या वरचा थर काढा, मग निर्जंतुक पेपर पॉइंट, ३० क्रमांकाचा, पॉकेटच्या तळापर्यंत घालून ३० सेकंद ठेवा. वेळ घड्याळाने मोजा. दहा सेकंद आणि तीस सेकंद यांत शोषलेला द्रव बदलतो आणि तो फरक पुढे ‘गटांतला फरक’ म्हणून मिरवतो. रक्ताने लाल झालेला पॉइंट टाका, दुसरे ठिकाण घ्या. रक्तातली द्रव्ये पीसीआर अडवतात. दर दिवशी एक कोरा पॉइंट, कोणाच्याही तोंडात न घालता, तसाच ट्यूबमध्ये टाकून बाकीच्यांसोबत पाठवा. किट आणि हवेतून येणारा डीएनए तेवढ्यानेच ओळखता येतो.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते : मिश्रीवाल्यांचे नमुने जूनमध्ये एका प्लेटवर आणि बाकीच्यांचे ऑगस्टमध्ये दुसऱ्या प्लेटवर. मग प्लेटचा फरक आणि मिश्रीचा फरक जगातली कोणतीही पद्धत वेगळा करू शकत नाही. नमुने उणे ८० अंशांवर साठू द्या, डीएनए काढण्याआधी चिठ्ठ्या टाकून क्रम लावा, प्रत्येक प्लेटवर दोन्ही गट निम्मे-निम्मे ठेवा. लॅबला गट कळवू नका, फक्त क्रमांक द्या. प्लेटचा नकाशा मात्र लॅबकडून मागून घ्या आणि बिल चुकते करण्याआधी घ्या, नंतर तो मिळत नाही.